चित्राखालची ओळ

युद्धाच्या बातम्यांबरोबर वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर हल्ली एका ठरावीक प्रकारचे छायाचित्र पाहायला मिळते. मागे कोसळलेली इमारत, स्लॅबमधून बाहेर आलेल्या लोखंडी सळया आणि उरलेल्या एखाद्या भिंतीवर रंग देणारा तरुण किंवा तरुणी. खालची ओळ साधारण ‘ढिगाऱ्यातही उमलली आशा’ अशा धर्तीची असते. त्या ओळीत चित्र काढणाऱ्याचे नाव बहुधा नसते आणि चित्र कशाने काढले आहे, त्यात काय दाखवले आहे, हे तर जवळजवळ कधीच नसते. मी सोलापुरात चित्रकला शिकवतो. शाळेच्या प्रदर्शनात सातवीतल्या मुलाचे निसर्गचित्र लावले तरी त्याखाली नाव, इयत्ता आणि माध्यम लिहिण्याची आमची पद्धत आहे, कारण ते त्या मुलाने केलेले काम असते. गाझातल्या, काबूलमधल्या किंवा सनामधल्या चित्रकाराच्या वाट्याला एवढाही मान का येऊ नये, हा प्रश्न काही वर्षांपासून माझा पिच्छा सोडत नाही.

त्यांच्या कामाला आपण प्रतिकार म्हणतो, आणि ते योग्यच आहे. मात्र तो प्रतिकार नेमका कुठे असतो हे पाहण्याइतका वेळ आपण त्या चित्रापुढे थांबत नाही. वेढा पडलेल्या शहरात माणसाने केव्हा जेवायचे, कुठे झोपायचे, कोणत्या रस्त्याने जायचे आणि घर कधी सोडायचे, हे सगळे दुसरेच कोणीतरी ठरवत असते. अशा वेळी कोणती भिंत निवडायची, कोणाचा चेहरा काढायचा, कोणता रंग वापरायचा आणि कोणता मुद्दाम टाळायचा, हे निर्णय चित्रकाराचे स्वतःचे उरतात. माझ्या मते प्रतिकार या निर्णयांत असतो. ते निर्णय न पाहता आपण नुसते हळहळलो, तर त्या कलाकाराने जपलेली एकमेव गोष्ट आपण बाजूला सारली, असेच म्हणावे लागेल.

पॅलेस्टाइनमधल्या चित्रकारांनी १९८७ साली घेतलेला एक निर्णय मी वर्गात नेहमी सांगतो. पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी जनतेचा उठाव, त्या वर्षाच्या अखेरीस सुरू झाला. त्या काळात सुलेमान मन्सूर, नबील अनानी, वेरा तमारी आणि तैसीर बरकात या चौघांनी मिळून एक गट उभारला आणि इस्रायलकडून येणारे रंग व कॅनव्हास वापरायचे नाहीत असे ठरवले. दुकानातल्या रंगाच्या नळीवर बहिष्कार टाकणे हा चित्रकारासाठी किरकोळ त्याग नव्हे. ज्यावर हात बसलेला असतो ते माध्यमच त्यात हातातून जाते. मग अनानी चामडे आणि मेंदीकडे वळले, बरकात लाकूड जाळून त्यावर काम करू लागले, तमारी यांच्याकडे भाजलेली माती होतीच. मन्सूर यांनी लहानपणी आजीला मातीच्या भट्ट्या आणि मधमाश्यांची मातीची घरे बनवताना पाहिले होते. त्यांनी तीच ओली माती हाती घेतली आणि लाकडी फळीवर थापून तिची चित्रे घडवायला सुरुवात केली.

हे सांगत असताना दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून शाळेला येणाऱ्या मुलाने हात वर केला आणि विचारले, ‘सर, माती वाळल्यावर फुटते की. मग चित्राचं काय झालं?’

त्या चित्रांविषयी मी आजवर ऐकलेल्या प्रश्नांमध्ये हा सर्वांत चांगला प्रश्न होता. काळ्या रानातल्या मातीला चैत्र-वैशाखात पडणाऱ्या भेगा, ज्यांत लहान मुलाचा पाय घोट्यापर्यंत जावा, त्याने घरच्या शेतात पाहिलेल्या होत्या. त्यामुळे त्या चित्रकाराची अडचण त्याला थेट कळली. आम्ही लगेच प्रयोग केला. त्यानेच आणलेली काळी माती आम्ही चाळून घेतली, तिच्यात गव्हाचा भुसा आणि डिंकाचे पाणी कालवले आणि प्लायवूडच्या तुकड्यावर बोटभर जाडीचा थर देऊन एका म्हातारीचा चेहरा उठवला. वरांड्यातल्या उन्हात तो ठेवला. कडेची माती आधी आकसली, मग गालावरून हनुवटीकडे एक भेग उतरली आणि दुपारपर्यंत कपाळावर तिचे जाळे पसरले. मुलांना वाटले, चित्र वाया गेले. तेव्हा मी त्यांना मन्सूर यांच्या मातीकामांची छायाचित्रे दाखवली. त्यांच्याही कामात भेगा आहेत, भरपूर आहेत, आणि त्यांनी त्या बुजवलेल्या नाहीत. काही कामांत तर माणसाची आकृती त्या भेगांमधूनच उभी राहते. कोणती भेग ठेवायची आणि कुठे पुन्हा ओला हात फिरवायचा, हे आता मुले आपापसांत बोलू लागली. पॅलेस्टाइनचा नकाशा त्यांना मी नंतर दाखवला.

मन्सूर यांनी सांगितलेली आणखी एक आठवण आहे, ती १९८० सालची. रामल्लातल्या ‘गॅलरी ७९’ या लहानशा कलादालनातले प्रदर्शन इस्रायली सैन्याने बंद पाडले आणि चित्रकारांना बोलावून समज दिली की राजकीय चित्रे काढू नका, फुले काढा. लाल, हिरवा, काळा आणि पांढरा हे पॅलेस्टिनी ध्वजाचे रंग एकत्र वापरायला मनाई होती. या चार रंगांचे फूल काढले तर काय, असे विचारल्यावर अधिकाऱ्याने सांगितले की तेही जप्त होईल, अगदी कलिंगड काढले तरी जप्त होईल. आज जगभरच्या मोर्चांत दिसणाऱ्या कलिंगडामागची गोष्ट म्हणून ही आठवण सांगितली जाते.

सोलापूरकराला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही. १९३० साली इथल्या नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला, मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, गोळीबार झाला आणि १२ मेपासून इथे लष्करी कायदा लागू झाला. त्या दिवसांत डोक्यावरची पांढरी टोपी आणि हातातला तीन रंगांचा कापडाचा तुकडा यांवर बंदुकधारी सरकारचे डोळे लागलेले होते. सूत आणि रंग यांवर पोट भरणाऱ्या आमच्या गावाला कापडाच्या रंगासाठी शिक्षा होऊ शकते हे तेव्हाच कळले होते. रंगांची भीती वाटणारी सत्ता कोणत्याही एका देशाची, एका धर्माची किंवा एका काळाची मक्तेदारी नाही, हे मी मुलांना सांगतो तेव्हा दाखला शोधायला मला गावाबाहेर जावे लागत नाही.

येमेनमधल्या मुराद सुबै यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. १९८७ साली जन्मलेला हा तरुण सना विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकलेला. २०११च्या उठावात राजधानीतल्या ज्या रस्त्यांवर लढाई झाली, तिथल्या गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंतींसमोर तो २०१२च्या मार्चमध्ये रंग घेऊन उभा राहिला आणि ‘आपल्या रस्त्याच्या भिंती रंगवू या’ असे त्याने लोकांना जाहीर आवाहन केले. पहिल्यांदा तो जवळपास एकटाच होता. मग विद्यार्थी आले, दुकानदार आले, मुलांना घेऊन आया आल्या, आणि बंदोबस्तावर असलेल्या काही सैनिकांनीही ब्रश हातात घेतला. काय काढायचे हे त्याने कोणाला सांगितले नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर मला वाटते की असे आवाहन करणाऱ्यासाठी सर्वांत अवघड गोष्ट हीच असते. दुसऱ्याच्या हातात ब्रश देऊन त्याच्या वाईट रेषेलाही भिंतीवर जागा द्यायची, याला फार मोठे मन लागते.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्याने दुसरी मोहीम सुरू केली. येमेनमध्ये १९७० आणि १९८०च्या दशकांपासून अनेक राजकीय कार्यकर्ते, लेखक आणि सामान्य माणसे घरातून किंवा रस्त्यावरून उचलून नेली गेली आणि पुढे त्यांचा पत्ताच लागला नाही. घरच्यांकडे त्यांचे एखादे जुने, पिवळे पडलेले छायाचित्र उरलेले. सुबैने त्या छायाचित्रांवरून पुठ्ठ्याचे साचे कापले आणि भिंतीभिंतींवर ते चेहरे उमटवले. प्रत्येकाखाली नाव आणि तो नाहीसा झाल्याची तारीख. माणूस नाहीसा करणाऱ्यांना रस्त्यावरचा चेहराही सहन झाला नाही. रात्रीतून चेहरे पुसले जात, त्यांवर काळे फासले जाई, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी साचा घेऊन तिथे पुन्हा हजर होई, कधी स्वतः सुबै, तर कधी नाहीशा झालेल्या माणसाचा मुलगा किंवा मुलगी.

या कामातली कारागिरी बारकाईने पाहावी अशी आहे. साचा कापताना चेहऱ्यातले मधले सगळे करडे टप्पे टाकून द्यावे लागतात आणि फक्त काळे व पांढरे उरते. कपाळ, नाकाचा शेंडा, एका गालाची कड आणि डोळ्यांखालची सावली एवढ्यावर तो माणूस ओळखू यावा लागतो, तोही इतका की तीस वर्षांनी तिथून जाणाऱ्या त्याच्या मित्राचे पाय थबकावेत. कोणती सावली ठेवायची, हे चुकले तर चेहरा कोणाचाही होऊन बसतो. हाताने साचे कापून पाहिल्यावर माझ्या नववीच्या मुलांना कळले की सुबैच्या धैर्याइतकीच त्याच्या कापणीची अचूकता महत्त्वाची होती. दोन्हींपैकी एक जरी कमी पडले असते तरी ते चेहरे उभे राहिले नसते.

इथे एक आक्षेप हमखास येतो. चित्राने बॉम्ब थांबतो का? थांबत नाही. काबूलमध्ये २०१४ पासून ‘आर्टलॉर्ड्स’ या गटाच्या कलाकारांनी स्फोटांपासून बचावासाठी उभारलेल्या सिमेंटच्या उंच भिंतींवर शेकडो चित्रे काढली होती. २०२१च्या ऑगस्टमध्ये तालिबान आले आणि थोड्याच दिवसांत त्यांतल्या अनेक चित्रांवर चुना फिरवून त्यांच्या घोषणा लिहिल्या गेल्या. गाझातल्या इल्तिका या चित्रकारांनी चालवलेल्या कलादालनाची इमारत युद्धात उद्ध्वस्त झाली. हे सत्य गोड शब्दांत बुडवणे मला पटत नाही. जे काम रणगाड्याचे नाही ते चित्रावर लादायचे आणि जमले नाही म्हणून चित्राला निरुपयोगी ठरवायचे, हा कुठला न्याय? सनातल्या त्या भिंतींनी नाहीसे झालेले लोक परत आणले असा दावा सुबैने कधी केला नाही. त्यांना नाहीसे केले गेले आहे, ते आपणहून निघून गेलेले नाहीत, एवढे त्या भिंती सांगत राहिल्या, आणि सरकारला नेमके तेच नको होते.

प्रतिकाराची दुसरीही एक बाजू आहे, जिच्याविषयी आपण क्वचितच बोलतो. या कलाकारांना शत्रूइतकाच स्वकीयांचाही त्रास होतो. पॅलेस्टिनी व्यंगचित्रकार नाजी अल-अली यांनी १९६९ साली कुवेतच्या एका वर्तमानपत्रात हंदला हा दहा वर्षांचा अनवाणी मुलगा जन्माला घातला. स्वतः नाजी यांचे गाव सुटले तेव्हा तेही साधारण तेवढ्याच वयाचे होते. पुढे १९७३ नंतर त्यांनी हंदलाला वाचकांकडे पाठ फिरवून, हात मागे बांधून उभे केले. नाजी यांच्या कुंचल्याने इस्रायलला सोडले नाही, तसे अरब राज्यकर्त्यांना आणि पॅलेस्टिनी पुढाऱ्यांनाही सोडले नाही. जुलै १९८७ मध्ये लंडनच्या रस्त्यावर त्यांना गोळी घातली गेली, ऑगस्टअखेर त्यांचा मृत्यू झाला, आणि ही हत्या कोणी घडवली हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. पॅलेस्टाइनमधल्या जेनिनच्या निर्वासित छावणीत २००६ साली सुरू झालेल्या फ्रीडम थिएटरचे एक संस्थापक जुलियानो मेर-खमिस यांचीही तीच गत झाली. मुलगे आणि मुली एकत्र नाटक करतात म्हणून छावणीतल्याच काही लोकांचा त्या रंगभूमीला विरोध होता. ४ एप्रिल २०११ रोजी त्यांना थिएटरजवळच गोळ्या घालण्यात आल्या. मारेकरी सापडला नाही.

काबूलच्या शमसिया हसानी यांची अडचण याहून रोजची होती. भिंतीवर रंग फवारणारी मुलगी दिसली की रस्त्यावर लोक जमत, शिव्या देत, कधी दगडही येत. त्यामुळे तासन्‌तासांचे काम पाव तासात उरकून निघावे लागे. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. ज्या भिंतींपाशी जाणे शक्य नव्हते त्यांची छायाचित्रे घेऊन त्यांनी त्या छायाचित्रांवरच आपली चित्रे रंगवली. त्यांच्या चित्रांतल्या बाईला तोंड नसते, डोळे मिटलेले असतात आणि हातात पुष्कळदा एखादे वाद्य असते. तोंड नाही म्हणून ती गप्प आहे असे समजणाऱ्याने ते वाद्य पाहिलेलेच नसते.

आता सोलापुरातल्या एका गोष्टीकडे येतो, जी मला मनापासून खुपते. लष्करी कायद्याच्या काळातल्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. दरवर्षी त्या दिवशी आम्ही त्यांच्या पुतळ्यांना हार घालतो आणि दोन दिवसांनी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जातो. शाळेतल्या कोणत्याही मुलाला विचारले तर चौघे कसे गेले हे तो अचूक सांगतो. पण कुर्बान हुसेन हा विशीतला तरुण गिरणी कामगारांत काम करत होता आणि ‘गजनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवत होता, हे सांगणारा क्वचितच भेटतो. त्याने कागद कुठून मिळवला असेल, छपाईचे पैसे कसे उभे केले असतील, कोणत्या बातमीला वरची जागा दिली असेल? हे प्रश्न आम्ही मुलांपुढे ठेवत नाही. माणसाचे मरण पाठ करून घेतो आणि त्याचे काम विसरतो.

गाझातल्या चित्रकारांबाबत आता तेच घडते आहे. हिबा झकूत या चित्रकार आणि चित्रकलेच्या शिक्षिका १३ ऑक्टोबर २०२३ रोजी हवाई हल्ल्यात आपल्या दोन मुलांसह ठार झाल्या. ही बातमी जगभर गेली. त्यांची चित्रे किती जणांनी पाहिली? अ‍ॅक्रिलिकच्या उजळ, सपाट रंगांत त्या जेरुसलेमची एकमेकांना खेटलेली घरे आणि घुमट रंगवत, भरतकाम केलेल्या पारंपरिक पोशाखातल्या बायका रंगवत. रोज डोळ्यांपुढे राखाडी धूळ असताना कोणी इतका स्वच्छ निळा आणि पिवळा वापरत असेल, तर तो भाबडेपणा असूच शकत नाही. तो पूर्ण विचारांती केलेला निर्णय आहे. त्यानंतर चारच दिवसांनी, अल-अहली रुग्णालयाच्या आवारातल्या स्फोटात मोहम्मद सामी करीका हा चोवीस वर्षांचा चित्रकार गेला. आसऱ्याला आलेल्या लहान मुलांना तो तिथे खेळवत होता, त्यांना रमवत होता. माझ्या काही माजी विद्यार्थ्यांचे वय आज तेवढेच आहे, आणि त्याचे नाव लिहिताना माझा हात थांबतो.

इतक्या लांबच्या गोष्टींशी आपला काय संबंध, असे विचारणारे सहकारी मला भेटतात. त्यांना मी भय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे स्मारक आठवून पाहायला सांगतो. १९३८ साली हा सोलापूरचा डॉक्टर चीनमधल्या युद्धभूमीवर जखमींची सेवा करायला गेला आणि १९४२च्या डिसेंबरमध्ये वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच वारला. शाहिरांची गोष्टही वेगळी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन काळात अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. त्यांच्याबरोबर कलापथकात उभे राहणारे अमर शेख आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. हजारो कोस दूरचे शहर त्या तरुण शाहिरांना परके वाटले नाही आणि मुंबईच्या कामगार वस्त्यांत ते ऐकणाऱ्यांनाही वाटले नाही. माझे सहकारी यावर वाद घालत नाहीत, पण पटल्याचेही सांगत नाहीत.

यंदा आम्ही वर्गाबाहेरच्या वरांड्यात या सगळ्या कलाकारांच्या कामांच्या छापील प्रती लावल्या. मुलांना एकच नियम घालून दिला होता: प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचे नाव, गाव, साल आणि माध्यम लिहायचे; ‘आशा’, ‘वेदना’, ‘करुण’ असे शब्द लिहायचे नाहीत. पालकसभेच्या दिवशी पूर्व भागातून एक गृहस्थ आले होते. त्यांची मुलगी आठवीत आहे, पत्नी विड्या वळते आणि ते स्वतः जकार्डच्या चादरींसाठी नक्षीचे ग्राफ भरण्याचे काम करतात. बाकीचे पालक मातीच्या चित्रांपाशी रेंगाळत होते. हे मात्र एका लहान कागदासमोर बराच वेळ उभे राहिले. गाझातले चित्रकार सोहैल सालेम यांनी युद्धात विस्थापित झाल्यावर शाळेच्या साध्या वहीत साध्या बॉलपेनांनी काढलेल्या चित्रांपैकी ते एक होते. त्याखाली त्यांच्याच मुलीने लिहिले होते: बॉलपेन, शाळेची वही.

‘ही आपल्यासारखीच वही आहे का, सर?’ त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. मग चष्मा वर करून ते कागदाच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले, ‘बॉलपेननं भरताना एका जागी जास्त दाबलं की कागद फाटतो. ह्यांनी इथं तीनदा फिरवलंय, उभं, आडवं आणि तिरपं, पण फाटू दिलेलं नाही. ग्राफ भरताना आमचा नवा पोरगा पहिल्या दिवशी चार कागद फाडतो.’ मुलीला हाक मारून त्यांनी ती जागा तिला दाखवली. पुढच्या शनिवारी ग्राफ घेऊन वर्गावर याल का, असे मी त्यांना विचारले. सकाळची पाळी बदलून घ्यावी लागेल असे ते म्हणाले, आणि बदलून घेऊन ते आले.